आबा, मी पानं गाळली होती

आबा,

तुमच्या तेराव्याला भडगावहून दोन गाड्या भरून माणसं आली होती. बहुतेक तुमचे विद्यार्थी. आता त्यांचेही केस पिकलेत. जेवणं झाल्यावर ओट्यावर बसून सगळे तुमच्या आठवणी काढत होते आणि बोलता बोलता विषय माझ्यावर आला. एक जण म्हणाले, "डोळे गेले तरी सरांचं वाचन सुटलं नाही, ते या सुनेमुळे. चार वर्षं रोज वाचून दाखवलं हिनं." सगळ्यांनी माना डोलावल्या. एका वयस्कर गृहस्थांनी उठून मला हात जोडले. मी पाण्याचा जग घेऊन उभी होते. ज्यांचे पेले भरलेले होते त्यांनाही पाणी विचारत राहिले.

तुमचं शेवटचं पुस्तक मी तुम्हाला खोटं वाचून दाखवलं, हे तेव्हा सांगायला हवं होतं. जमलं नाही. आता तुम्हालाच सांगते आहे. तुम्हाला ते माहीत होतं, तरीही.

मी काही वाचणारी मुलगी नव्हते. असोद्याला आमच्या घरी पुस्तकं म्हणजे शाळेची, आणि वर्ष संपलं की तीही खालच्या वर्गातल्या कुणाला तरी द्यायची. केळीच्या बागेत ठिबकच्या नळ्या टाकायला संजय आला आणि पुढे त्याच्याशीच लग्न ठरलं, तेव्हा मी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होते. मुलाचे वडील भडगावला मराठीचे मास्तर आहेत आणि घरात पुस्तकांची तीन कपाटं आहेत, हे ऐकून माझी आई घाबरली होती. "तुला प्रश्न विचारतील गं," असं म्हणाली होती.

आणि तुम्ही खरंच विचारलेत. लग्नाला आठवडा झाला नसेल, तुम्ही माझ्या हातात एक कादंबरी दिलीत. चार दिवसांनी विचारलंत, "काय वाटलं?" मी म्हटलं, "चांगली आहे." तुम्ही म्हणालात, "चांगली आहे हे परीक्षेत चालतं. मला सांग, कुणाचा राग आला?" मी जरा विचार करून म्हटलं, मोठ्या भावाचा आला. तुम्ही एवढे खूश झालात की आत जाऊन लगेच दुसरं पुस्तक घेऊन आलात. त्या घरात मला सासू नव्हती, त्या आधीच गेलेल्या. पण त्या दिवशी मला वाटलं, आपण इथे राहू शकू.

माझं बोलणं मात्र तुम्हाला खटकायचं. असोद्याकडं आम्ही 'केळी'ला 'केयी' म्हणतो आणि 'डोळा'ला 'डोया'. तुम्ही दरवेळी थांबवायचात. "ळ, वैशाली. जीभ वर ने. ळ." संजय ओट्यावरून ओरडायचा, "आबा, ती सून आहे, पाचवी ब नाही." तुम्ही हसायचात, पण सोडायचा नाहीत. पुढे मला देवपूरच्या कॉलेजात प्रयोगशाळा सहायक म्हणून नोकरी लागली आणि आपण सगळे धुळ्याला आलो, तोवर माझा ळ तुमच्यासारखा झाला होता.

तुमचं आणि संजयचं पुस्तकांवरून कधीच जमलं नाही. तीन कपाटांच्या घरात वाढलेला मुलगा वर्तमानपत्राचं मागचं पान तेवढं वाचतो, याचं तुम्हाला खरोखर दुःख होतं. त्याला मोटारी कळायच्या, पाण्याचा दाब कळायचा, कुठल्या शेतात नळी कुठे फुटेल हे नुसतं चालत जाऊन सांगायचा. तुम्ही ते कधी पाहायला गेला नाहीत. एकदा जेवताना तुम्ही म्हणालात, "माझ्यामागे ही कपाटं रद्दीत जातील." संजय म्हणाला, "वैशाली आहे ना." आणि ताट घेऊन उठला. त्याला लागलं होतं. मला दिसलं होतं. तेव्हा तुम्हालाही दिसत होतं, आबा. काचबिंदू नंतरचा.

संजय गेला आणि दोन वर्षांत तुमची नजरही पूर्ण गेली. त्या दोन वर्षांत घरात संजयचं नाव कुणी घेतलं नाही. तुम्ही नाही, मी नाही, आणि आमचं बघून पोरीनं, मुक्तानंही नाही. तुम्ही बोललात तर 'मुक्ताचे पप्पा' म्हणायचात. मी तेवढंही म्हणायची नाही. त्याचा फोटो समोरच्या खोलीत होता, त्याला हार घालायचं काम मुक्ता करायची. मला वाटायचं, मी शांत राहिले तर तुम्ही शांत राहाल. त्या शांततेवरच घर उभं आहे, असं मी धरून चालले होते.

मग एक दिवस तुम्ही म्हणालात, "वैशाली, मला रोज अर्धा तास वाचून दाखवशील?" सहज विचारलंत, चहाला आलं घाल म्हणावं तसं. कॉलेजातून आले की सहाला चहा, साडेसहाला वाचन, असं ठरलं. तुम्ही खाटेवर भिंतीला टेकून, मी खिडकीजवळच्या खुर्चीत. अर्ध्या तासाचा तास कधी झाला कळलंच नाही.

पुस्तक कुठलं हे तुम्ही माझ्यावर सोडलंत. तिथेच मी चुकायला सुरुवात केली.

आपल्या घराजवळच्या वाचनालयात शोभाताई ग्रंथपाल आहेत. त्यांच्या कपाटांसमोर उभी राहून मी आधी शेवटचं पान वाचायची. मग मधली चारपाच पानं चाळायची. कुठे चिता, कुठे दवाखाना, कुठे पांढरं कपाळ दिसलं की पुस्तक परत फळीवर. शोभाताई गमतीनं म्हणायच्या, "तुम्ही पुस्तक घेता का भाजी निवडता?" या निवडीतून जे उरलं ते आपण वाचलं. जंगलखात्यातल्या एका साहेबांची पक्ष्यांची रोजनिशी. किल्ल्यांची भटकंती. एका गावातल्या नाटक मंडळीच्या गमतीजमती, ज्यात तुम्ही एवढे हसलात की खोकला लागला. मेंढरं घेऊन फिरणाऱ्या बाईचं आत्मकथन मी घेतलं होतं, पण तिचा नवरा तिसऱ्या प्रकरणात वारल्यावर मी तुम्हाला सांगितलं की पुस्तकाची बांधणी सुटली आहे, पुढची पानं नाहीत. तुम्ही म्हणालात, "अरेरे." एवढंच.

मधूनच तुम्ही म्हणायचात, "जरा जड काहीतरी आण ना. सारखं गोड खाऊन तोंड मिळमिळीत झालंय." मी म्हणायची, बघते. आणि कोकणातल्या माशांवरचं पुस्तक घेऊन यायची. आपण दोघंही माळकरी. त्यात सतरा प्रकारच्या माशांची कालवणं होती. ती तुम्ही निमूटपणे ऐकलीत. मी तुमची काळजी घेते आहे असं मला वाटत होतं. खरं तर आबा, मला स्वतःला मरणाची वाक्यं मोठ्यानं उच्चारायची नव्हती. 'तो गेला' हे दोन शब्द माझ्या तोंडून निघाले असते तर पुढचं काय काय निघालं असतं, याची मला भीती होती. ते मी तुमच्या नावावर खपवलं.

मग ते विहिरीचं पुस्तक आलं.

शोभाताईंनीच ते माझ्या हातात दिलं. जुनं, पुठ्ठा सुटलेलं. म्हणाल्या, "हे न्या, आबांना आवडेल. विहिरी खोदणाऱ्या बापलेकाची गोष्ट आहे." मी सवयीनं शेवटचं पान पाहिलं. विहिरीला पाणी लागलेलं, बायका घागरी घेऊन आलेल्या. मधली दोनतीन पानं चाळली, त्यात दगड फोडणं आणि भाकरी खाणं. घरी घेऊन आले.

तुम्हाला ते पहिल्या दिवसापासून आवडलं. त्यातला म्हातारा गोविंदा जमिनीला कान लावून पाणी ऐकतो, तिथे तुम्ही मला थांबवून तो परिच्छेद पुन्हा वाचायला लावलात. त्याचा मुलगा दामू बापाचं ऐकत नसे. त्याला यंत्रानं बोअर घ्यायची होती. दोघांची भांडणं वाचताना मी तुमच्याकडे बघायचं टाळायची. पण त्यात मरण नव्हतं, म्हणून वाचत गेले.

नवव्या दिवशी मी पान उलटलं आणि तिसऱ्या ओळीत विहिरीची कड कोसळली. दामू आत होता.

मी थांबले. तुम्ही म्हणालात, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही, घसा कोरडा पडला." पाणी प्यायले. पुन्हा पुस्तक उघडलं आणि त्यात नसलेलं वाचायला लागले. दामूचं बापाशी भांडण झालं, तो घर सोडून सुरतेला मामाकडे गेला, असं मी वाचलं. माझ्या कानाला ते खरं वाटलं. आपल्याकडची कितीतरी पोरं सुरतेला जातातच.

एक दिवस निभावला, पण पुढे सगळं पुस्तकच त्या मरणानंतरचं होतं. गोविंदा एकटा त्याच विहिरीत उतरतो. गाव म्हणतं, बुजवा, अपशकुनी आहे. तो ऐकत नाही. मी ते तसंच कसं वाचणार? मग दुपारच्या सुट्टीत, मुलं प्रॅक्टिकलवरून गेली की मी प्रयोगशाळेतल्या जुन्या जर्नलच्या कोऱ्या पानांवर संध्याकाळचं वाचन लिहायला लागले. गोविंदा विहीर खोदतो हे लेखकाचं, आणि दामूची सुरतेहून पत्रं येतात हे माझं. अकरा दिवसांत पाच पत्रं लिहिली. खोलीत सहा जण राहतो. चहा फार गोड देतात. पंख्याखाली झोपलो की मान धरते, म्हणून मी पायाकडे डोकं करून झोपतो. आबा, जेवण झाल्यावर शतपावली करता का. कामावरचा साहेब मला विचारल्याशिवाय मोटार उघडत नाही.

ही सगळी संजयची वाक्यं होती. पंख्याखाली पायाकडे डोकं करून कोण झोपायचं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. ते वाचताना तुम्ही डोळे मिटून घेतले होते. दिसत नसलं तरी तुम्ही वाचनाच्या वेळी डोळे उघडे ठेवायचात. त्या दिवशी मिटलेत. मला वाटलं, डुलकी लागली.

शेवटचं पान मी खरं वाचलं. पाणी, घागरी, बायका. पुस्तक मिटलं. मग विचारलंत, "दामू पाणी बघायला आला नाही?"

"पुस्तक संपलं, आबा."

"हं," तुम्ही म्हणालात. "पत्रं छान होती."

त्यानंतर मे महिन्यात माझी आई मोरीत घसरून पडली, खुब्याचं ऑपरेशन झालं. मी चार दिवस असोद्याला गेले. मुक्ता जळगावच्या होस्टेलवरून सुट्टीला आलेली होती, ती तुमच्याजवळ होती. मी परतले त्या दिवशी संध्याकाळी चहा करत होते, तर ती स्वयंपाकघरात येऊन हळू आवाजात म्हणाली, "आई, आबांनी मला ते विहिरीचं पुस्तक मधून वाचायला लावलं. त्यातला दामू मरतो. तू आबांना काय वाचून दाखवलंस?"

मी काही बोलायच्या आत बाहेरून तुम्ही हाक मारलीत. "वैशाली, चहा राहू दे. इकडे ये."

मी येऊन दाराशी उभी राहिले. तुम्ही रागावलेले नव्हता. वर्गात एखादं पोर गृहपाठ न करता आलं की तुम्ही बोलत असाल, तसे बोललात.

"ती पानं तू वाच आता. खरी."

"मुक्तानं वाचली ना."

"मुक्तानं वाचली. मला तुझ्या तोंडून ऐकायचीत."

"मला नाही जमणार, आबा. मी तुमच्यासाठीच केलं ते. तुम्हाला त्रास नको म्हणून."

"माझ्यासाठी?" तुम्ही म्हणालात. "माझा मुलगा गेलाय, हे मला माहीत आहे, वैशाली. ते पुस्तकात लपवून काय होणार?"

इतक्या वर्षांत तुम्ही पहिल्यांदा 'माझा मुलगा गेलाय' म्हणालात. मी तिथेच खाली बसायला हवं होतं. तुमच्या खाटेच्या पायाशी. त्याऐवजी मला राग आला. कशाचा आला, हे अजून मला नीट सांगता येत नाही. मी म्हटलं, "तो होता तेव्हा त्याच्याशी दोन वाक्यं कधी धड बोललात का? त्याचं काम कधी बघायला गेलात? आता पुस्तकातल्या पोराचं मरण ऐकायचंय तुम्हाला."

मुक्ता माझ्याकडे बघत राहिली. तुम्ही हातानं खाटेची कड चाचपलीत आणि म्हणालात, "चहा घे तू. दमून आलीस."

आबा, तुम्ही मला उलट बोलला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही बोलला नाहीत आणि मी माफी मागितली नाही. मागेन, मागेन म्हणत दिवस जात राहिले. मी सहाला चहा देत होते, साडेसहाला तुम्ही रेडिओ लावत होता. सात आठवडे आपण एका घरात असे राहिलो. मी जेवण गरम वाढलं, औषधं वेळेवर दिली, डोळ्यांत थेंब घातले. थेंब घालताना तुमचं तोंड माझ्या हातात असायचं आणि तरी आपण बोललो नाही. ते पुस्तक फ्रिजवर पडून होतं. परत करायची मुदत टळून गेली, तरी शोभाताईंचा निरोप आला नाही. तेव्हा मला त्याचं नवल वाटलं नाही.

जुलैत तुम्हाला ताप आला. आधी साधा वाटला, मग छातीत कफ भरला, दवाखान्यात ठेवावं लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुमच्याजवळ बसले होते. ऑक्सिजनचा मास्क जरा बाजूला करून तुम्ही म्हणालात, "पुस्तक लई उनी का?"

पुस्तक आणलंस का, म्हणून. तुम्ही माझ्याशी अहिराणी कधी बोलला नव्हता. ती तुमची भडगावच्या घरातली बोली होती, मास्तर व्हायच्या आधीची. क्षणभर मला वाटलं, तुम्ही मला तुमची आई समजताय की बहीण. पण मग म्हणालात, "वैशाली, बठ्ठं वाचजो. काही सोडू नको."

मी म्हटलं, "उद्या आणते, आबा. नक्की."

पुस्तक आणायला मला दहा मिनिटं लागली असती. मुक्ता घरीच होती, फोन केला असता तर ती घेऊन आली असती. तुम्हाला धाप लागते आहे, अशात ते वाचायला नको, असा विचार मी केला. पुन्हा तोच. पुन्हा तुमच्या नावावर. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पिशवीत पुस्तक टाकून आले, खरंच आणलं होतं, पण पहाटेच तुम्हाला आयसीयूत हलवलं होतं आणि मला काचेबाहेर उभं राहावं लागलं. दुपारी डॉक्टर बाहेर आले.

तेराव्यानंतर दोन दिवसांनी मी ते पुस्तक परत करायला गेले. शोभाताईंनी माझा हात धरून मला आत बसवलं. मी पुस्तक टेबलावर ठेवलं आणि म्हटलं, "फार उशीर झाला, ताई."

त्या म्हणाल्या, "त्याचं काही नाही. मीच मागितलं नाही. आबांनी सांगून ठेवलं होतं की ते घरातच राहू दे." मग म्हणाल्या, "तुम्हाला एक सांगायचंय. आता ते नाहीत, म्हणून सांगते. हे पुस्तक मी निवडलं नव्हतं. आबांनी फोन करून मागवलं होतं."

मुक्तानं तुमच्या मोठ्या बटणांच्या फोनवर तीन नंबरला वाचनालय लावून दिलेलं, ते मला माहीत होतं. तुम्ही त्यावर फक्त वाचनालय उघडं आहे का एवढंच विचारता, अशी माझी समजूत होती.

शोभाताई म्हणाल्या, "त्यांनी ते भडगावला असताना वाचलेलं होतं. गोष्ट सगळी पाठ होती त्यांना. मला म्हणाले, मी मागितलं असं सांगू नका, तुम्ही होऊन द्या, नाहीतर ती घरी आणणार नाही. मी म्हटलं, आबा, त्यात मुलगा जातो, वाचताना तिला त्रास होईल. तर म्हणाले, होऊ दे. पाच वर्षं झाली, ती माझ्यासमोर एकदाही रडलेली नाही. मागच्या खोलीतही नाही. मला दिसत नाही, पण ऐकू येतं."

त्या पुढे म्हणाल्या, "नंतर मी विचारलं होतं त्यांना फोनवर, वाचलं का तिनं? हसले. म्हणाले, नाही वाचलं. पण तिनं संजयची पत्रं लिहिलीत, ती मी ऐकतोय. ती संपू दे."

म्हणजे पहिल्या दिवसापासून तुम्हाला माहीत होतं. गोविंदा जमिनीला कान लावतो तिथे तुम्ही मला थांबवलंत, तेव्हा पुढे काय येणार आहे ते तुम्हाला माहीत होतं. मी घसा कोरडा पडला म्हणाले, तेव्हा तुम्ही समोर बसून वाट बघत होतात. चार वर्षं मी तुमच्यासाठी पुस्तकं निवडली आणि त्यात तुम्हाला काय हवंय हे एकदाही विचारलं नाही. तुम्ही एकच पुस्तक निवडलंत, आणि ते माझ्यासाठी.

आणि मी तुम्हाला विचारलं होतं, त्याच्याशी दोन वाक्यं कधी धड बोललात का. त्याच्या पाच पत्रांतली वाक्यं तुम्ही डोळे मिटून ऐकली होती, आणि त्यांतलं एकही मोडू नये म्हणून गप्प राहिला होतात.

शोभाताईंनी पुस्तक माझ्या पिशवीत परत घातलं. घरी येऊन मी मुक्ताला बोलावलं आणि म्हटलं, "बस. मी वाचते, तू ऐक." खिडकीजवळ बसून मी ती कड कोसळण्यापासून वाचायला लागले. दामूला वर काढतात तिथपर्यंत आवाज टिकला. गोविंदा त्याच्या केसांतली माती बोटांनी काढत बसतो, त्याच्या पुढे मला वाचता येईना. किती वेळ गेला माहीत नाही. मुक्ता माझी पाठ चोळत होती.

मग मी तिला तो दिवस सांगितला. तिला तो कुणीच सांगितलेला नव्हता. तेव्हा ती तेरा वर्षांची होती, शाळेतून आली तर घरात माणसं होती, एवढंच तिला आठवतं. मी सांगितलं, एरंडोलच्या अलीकडे जीपनं त्याच्या मोटरसायकलला धडक दिली. फोन घरी आबांना आला. दुपारी मी ब्युरेट धूत होते आणि प्रयोगशाळेच्या दारात आबा उभे दिसले. कॉलेजात ते कधी आले नव्हते. तेव्हाच त्यांना बाजूचं दिसेनासं झालेलं, रिक्षावाल्यानं हात धरून जिना चढवला असणार. म्हणाले, "वैशाली, आवर. घरी जायचं." मी काय झालं विचारलं तर म्हणाले, "चल, सांगतो." माझी पर्स त्यांनीच उचलली आणि रिक्षात मांडीवर घेऊन बसले. आपल्या गल्लीच्या तोंडाशी आल्यावर म्हणाले, "संजय गेला." मी विचारलं, "कुठे?" मला कळायला घर यावं लागलं.

मुक्तानं सगळं ऐकून घेतलं. मग तिनं विचारलं, "तेव्हा आबा रडत होते का?"

मला सांगता आलं नाही. रिक्षात मी तुमच्याकडे पाहिलंच नव्हतं, आबा. आणि पुढे चार वर्षं तुमच्या समोरच्या खुर्चीत बसूनही मी ते तुम्हाला कधी विचारलं नाही.